वर्गणीची जहाजं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

वर्गणी हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. गणपतीची वर्गणी, उरुसाची वर्गणी, तालमीची वर्गणी, शाळेची एक खोली पडली म्हणून गावानं काढलेली वर्गणी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर आपल्याकडे पैसा फंड होता. माणशी वर्षाला एक पैसा जमवायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि १९०८ साली त्या पैशांतून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. वर्गणीचं एक वैशिष्ट्य असतं. रक्कम कितीही लहान असो, देणाऱ्याला ती वस्तू आपली वाटते. शाळेच्या भिंतीत आपल्या आठ आण्यांची एक वीट आहे, असं तो मरेपर्यंत सांगतो.

आज मी सांगणार आहे ती त्याच काळातल्या दुसऱ्या एका वर्गणीची गोष्ट. ही वर्गणी इस्तंबूलला, तेव्हाच्या ऑटोमन म्हणजे उस्मानी तुर्की साम्राज्याच्या राजधानीत सुरू झाली. तिच्यातून कारखाना निघायचा नव्हता, युद्धनौका यायच्या होत्या. पैसे जमले, जहाजं बांधून झाली, ती न्यायला खलाशीही जाऊन पोहोचले. आणि ज्यांनी पैसे भरले त्यांच्या हाती ती कधीच लागली नाहीत. गोष्ट तुर्कांची आणि इंग्रजांची आहे. पण तिचं एक टोक पुण्याच्या छावणीत आणि सातारा-रत्नागिरीच्या खेड्यांत येऊन पोहोचतं, म्हणून ती आपणही ऐकायला हवी.

आधी थोडं जहाजांविषयी. १९०६ साली ब्रिटिश आरमारात ‘ड्रेडनॉट’ नावाची युद्धनौका दाखल झाली. २ ऑक्टोबर १९०५ला तिचा कणा बसवला आणि वर्षभरात ती चाचणीसाठी समुद्रात उतरली. त्याआधीच्या मोठ्या युद्धनौकांवर बारा इंची तोफा साधारणपणे चार असत. ड्रेडनॉटवर दहा होत्या. वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ही पहिली बॅटलशिप, ताशी एकवीस सागरी मैल धावणारी. ती पाण्यात उतरली आणि जगातली बाकी सगळी आरमारं एका दिवसात म्हातारी झाली. गंमत अशी की, त्यात खुद्द इंग्रजांचं आरमारही आलं. मग सगळ्यांनाच नव्यानं सुरुवात करावी लागली. जर्मनी बांधू लागली, अमेरिका आणि जपान बांधू लागले. ज्यांना बांधता येत नव्हतं त्यांनी इंग्लंडच्या गोद्यांत मागण्या नोंदवल्या. ब्राझीलसारख्या देशानंही ड्रेडनॉट विकत घेतल्या. गावात एकानं दुमजली वाडा बांधला की शेजारच्याला आपलं घर बुटकं वाटू लागतं, तसंच झालं. फरक इतकाच, की या वाड्यांवर तोफा होत्या.

उस्मानी साम्राज्याचं आरमार एके काळी भूमध्य समुद्रावर राज्य करत होतं. पण सुलतान अब्दुल हमीद यांच्या तेहतीस वर्षांच्या कारकिर्दीत बहुतेक जहाजं इस्तंबूलच्या खाडीत नांगर टाकून गंजत पडली. अपवाद थोडेच. इंग्लंडच्या आर्मस्ट्राँग कंपनीनं बांधलेली ‘हमिदिये’ ही क्रूझर १९०४ साली दाखल झाली, ती त्यातली एक. १९०९ साली सुलतानाला पदच्युत केलं गेलं आणि त्याच वर्षी इस्तंबूलमध्ये एक संस्था निघाली. आरमारासाठी लोकांकडून निधी जमवणं हे तिचं काम.

कारण समोर होतं. शेजारच्या ग्रीसनं ‘गिओर्गिओस अवेरॉफ’ नावाची नवी चिलखती क्रूझर मिळवली होती. अवेरॉफ नावाचा एक धनाढ्य ग्रीक व्यापारी मरताना मोठी रक्कम ठेवून गेला आणि जहाजाच्या किमतीचा बराच भाग त्यातून निघाला. तुर्कांकडे असा अवेरॉफ नव्हता, पण माणसं पुष्कळ होती. मशिदी, शाळा, कहवाखाने, बाजार अशा ठिकाणी निधी जमू लागला. सरकारी नोकरांनी पगारातून रक्कम दिली. बायकांनी दागिने दिले. काहींनी आपले केस कापून विकले आणि ते पैसे दिले, असं आजही तिकडे सांगितलं जातं. चांगली रक्कम देणाऱ्यांना पदकं मिळाली. सगळी किंमत अशी वर्गणीतून उभी राहिली, असं मात्र कुणी समजू नये. सरकारनं परदेशी बँकांची कर्जंही काढली. पण कर्ज खजिन्याचं असतं. कानातलं उतरवून दिलेलं सोनं घरातलं असतं. जहाजं त्यामुळे लोकांची झाली.

१९११ साली इंग्लंडमधल्या बॅरो गावच्या विकर्स कंपनीकडे पहिल्या ड्रेडनॉटची मागणी गेली. तेव्हाचे सुलतान मेहमद रेशाद यांच्या नावावरून तिचं नाव ठेवलं ‘रेशादिये’. साडेतेरा इंची दहा तोफांचं हे जहाज सप्टेंबर १९१३मध्ये पाण्यात उतरलं. तोवर इकडे बाल्कन युद्ध होऊन गेलं होतं. डिसेंबर १९१२ आणि जानेवारी १९१३ अशा दोन लढायांत त्या एकट्या अवेरॉफनं तुर्की आरमाराला दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत परत कोंडलं, आणि एजियन समुद्रातली बेटं एकेक करून हातची गेली. त्या अंधारात एकच दिवा तुर्कांनी पाहिला. रऊफ बे नावाच्या तरुण कप्तानानं जुनी हमिदिये ग्रीकांच्या पहाऱ्यातून बाहेर काढली आणि कित्येक महिने समुद्रावर धुमाकूळ घातला. युद्धाच्या निकालात त्यानं फरक पडला नाही, पण रऊफ बे घराघरांत पोहोचले.

आपल्याकडेही त्या युद्धाच्या बातम्या वाचल्या जात होत्या. डिसेंबर १९१२मध्ये डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचं वैद्यकीय पथक जखमी तुर्की सैनिकांच्या शुश्रूषेसाठी मुंबईहून रवाना झालं. त्यासाठी हिंदुस्थानात जी रक्कम जमली, तीही वर्गणीच.

आता दुसऱ्या जहाजाकडे येऊ. त्याचा जन्म तुर्कांसाठी झालाच नव्हता. न्यूकॅसलला टाइन नदीच्या काठी आर्मस्ट्राँगच्या गोदीत ते ब्राझीलसाठी ‘रिओ दि जानेरो’ या नावानं बांधलं जात होतं. दोन-दोन तोफांचे सात बुरूज, म्हणजे बारा इंची चौदा तोफा. इतक्या मोठ्या तोफा दुसऱ्या कोणत्याही युद्धनौकेवर नव्हत्या. पण ब्राझीलच्या रबराचा भाव कोसळला आणि त्या सरकारला हे ओझं पेलेना. डिसेंबर १९१३च्या अखेरीस तुर्कांनी ते साडेसत्तावीस लाख पौंडांना घेतलं. पौंडाला पंधरा रुपये हा तेव्हाचा दर धरला तर ही रक्कम चार कोटी रुपयांच्या वर जाते. नाव ठेवलं ‘सुलतान उस्मान’, साम्राज्याच्या संस्थापकाचं. कप्तान कोण? हमिदियेचे रऊफ बे.

१९१४च्या जुलैअखेरीस सुमारे पाचशे तुर्की खलाशी जहाज न्यायला टाइन नदीत येऊन थांबले होते. पैशांची बहुतेक सगळी भरपाई झाली होती. झेंडा चढवायचा समारंभ एक-दोन दिवसांवर आला होता. इस्तंबूलला दोन्ही जहाजांच्या स्वागताची तयारी चालू होती.

पण तो जुलै महिना साधा नव्हता. २८ तारखेला ऑस्ट्रियानं सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं. ब्रिटिश आरमाराचे मंत्री होते विन्स्टन चर्चिल. युरोप पेटणार हे त्यांना दिसत होतं आणि जर्मनीशी सामना झाला तर दोन ड्रेडनॉटनीही पारडं हलेल, असा त्यांचा हिशेब होता. ही जहाजं आज तुर्कस्तानला गेली आणि उद्या तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूला गेला, तर आपणच बांधलेल्या तोफा आपल्यावर रोखल्या जातील. १ ऑगस्ट १९१४ला सशस्त्र ब्रिटिश सैनिक सुलतान उस्मानवर चढले आणि जहाज ताब्यात घेतलं. रेशादियेचंही तेच झालं. त्या दिवशी ब्रिटन तुर्कस्तानशीच काय, कोणाशीच युद्धात नव्हतं. पाचशे खलाशी आपल्या बोटीवरून आपलंच जहाज पाहत राहिले.

इंग्रजांची बाजू अगदीच पोकळ होती असं मी म्हणणार नाही. इतिहास सांगताना सोयीचा भाग तेवढा उचलायचा नसतो. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे २ ऑगस्टला, तुर्कस्तानचे युद्धमंत्री एनव्हर पाशा आणि त्यांच्या दोन-चार सहकाऱ्यांनी जर्मनीशी गुप्त करार केला. त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या अनेकांना त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे चर्चिल यांचा संशय खरा होता. पण संशय खरा असणं आणि कृती शहाणपणाची असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुर्कस्तानात युद्ध नको असणारे लोक पुष्कळ होते. काही मंत्री, व्यापारी, आणि बाल्कन युद्धात मुलगे गमावलेली घरं. इंग्लंडशी मैत्री राखा म्हणणाऱ्या या माणसांच्या तोंडावर एका दिवसात कुलूप पडलं. गुप्त करार लोकांना माहीत नव्हता. त्यांना माहीत होतं ते एवढंच, की आमच्या बायकांच्या केसांचं जहाज इंग्रजांनी ठेवून घेतलं.

राज्यकर्त्यांना ते समजलं नाही, कारण त्यांच्या वहीत त्या जहाजाची नोंद वेगळी होती. इतके टन पोलाद, इतक्या तोफा, इतके पौंड. पौंड पुढेमागे परत करता येतील. वर्गणी अशी परत करता येत नाही. ज्यानं दिली त्याचा पत्ता कुठे असतो?

ही जखम ताजी असतानाच जर्मनांनी डाव साधला. ‘गोबेन’ ही १९१२ साली जर्मन नौदलात दाखल झालेली मोठी बॅटलक्रूझर आणि तिची धाकटी जोडीदार ‘ब्रेसलाऊ’ भूमध्य समुद्रात होत्या. ब्रिटिश ताफा पाठीवर असताना अॅडमिरल सूशों यांनी त्या दोघींना पूर्वेकडे पळवलं आणि १० ऑगस्टला दार्दानेल्सच्या तोंडात आणून उभं केलं. तुर्कस्तान अजून तटस्थ होता. तटस्थ देशाच्या बंदरात परक्या युद्धनौकांना राहता येत नाही. मग युक्ती निघाली. तुर्कांनी ही जहाजं जर्मनीकडून विकत घेतली, असं जाहीर झालं. इंग्रजांनी दोन घेतली, जर्मनांनी दोन दिली. लोकांनी दुसरं काय म्हणावं? गोबेनचं नाव ‘यावूझ सुलतान सेलीम’ झालं, ब्रेसलाऊचं ‘मिदिल्ली’. जर्मन खलाशांनी डोक्यावर फेझ टोप्या घातल्या. टोपी बदलली, पण सुकाणू सूशों यांच्याच हातात राहिलं. २९ ऑक्टोबर १९१४ला याच जहाजांनी काळ्या समुद्रात जाऊन रशियाच्या बंदरांवर गोळे टाकले. रशियानं युद्ध पुकारलं, आणि ५ नोव्हेंबरला ब्रिटननंही.

इथे गोष्ट आपल्या दारात येते.

इराणच्या आखातातलं तेल राखायला आणि वेळ पडलीच तर तुर्कांवर चाल करायला सैन्य हवं होतं. ते हिंदुस्थानातून गेलं. त्याचा गाभा होता सहावी डिव्हिजन, जिचं नावच ‘पूना डिव्हिजन’. तिची पहिली तुकडी १६ ऑक्टोबर १९१४ला, म्हणजे तुर्कस्तान युद्धात उतरण्याआधीच, मुंबईहून निघाली आणि युद्ध जाहीर होताच ६ नोव्हेंबरला फाव इथे उतरली. या डिव्हिजनमध्ये पुढे तीन मराठा पलटणी होत्या. १०३वी, जिला आपण जंगी पलटण म्हणतो. ११०वी आणि ११७वी. मावळातली, साताऱ्याची, कोकणातली पोरं. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. या मराठा पलटणींत बहुतेक कंपन्या मराठ्यांच्या असल्या तरी दोन कंपन्या दख्खनी मुसलमानांच्या असत. शेजारच्याच गावांतली, मराठी बोलणारी ही पोरं.

मी मराठीत कविता लिहिणारा मुसलमान आहे. इस्लामपूर, औरंगाबाद, मिरज कुठेही कार्यक्रमाला गेलो की कुणीतरी भाबडेपणानं विचारतं, ‘तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?’ मला त्या वेळी त्या दोन कंपन्या आठवतात. खलिफा म्हणून ज्याचं नाव जुम्म्याच्या खुतब्यात घेतलं जाई, त्याच्या फौजेवर चालून जाण्याचा हुकूम त्या शिपायांना होता. १४ नोव्हेंबर १९१४ला इस्तंबूलमध्ये जिहादचा फतवा जाहीर झाला. वर्षभरानं, नोव्हेंबर १९१५मध्ये बगदादच्या अलीकडे मोठी लढाई झाली. इंग्रजांच्या इतिहासात तिचं नाव टेसिफॉन. त्या जागेचं तिथलं नाव सलमान पाक, कारण पैगंबरांचे सहकारी सलमान फारसी यांची कबर तिथे आहे. गावाकडे पीराच्या दर्ग्यापुढून जाताना वहाण काढणारा शिपाई त्या कबरीच्या टापूत बंदूक घेऊन उभा होता. कवीला दुसऱ्याच्या मनात शिरायची सवय असते. इथे मात्र मी उंबऱ्याबाहेर थांबतो. पोटासाठी आणि दिलेल्या शब्दासाठी उभ्या असलेल्या माणसाला आज शंभर वर्षांनी तू कोणाच्या बाजूचा, असं विचारायचा मला अधिकार नाही.

त्या लढाईनंतर जनरल टाउनशेंड यांना मागे यावं लागलं. तिग्रिस नदीच्या वळणावर कुत-अल-अमारा नावाचं गाव आहे. ७ डिसेंबर १९१५पासून तुर्कांनी तिथे वेढा घातला. जंगी पलटण, ११०वी आणि ११७वी, तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. सोडवायला आलेल्या फौजेचे सुमारे तेवीस हजार लोक मेले किंवा जखमी झाले, पण वेढा उठला नाही. आत धान्य संपलं. घोडे आणि खेचरं कापायची वेळ आली. हिंदू शिपायांनी ते मांस खायला नकार दिला आणि मुसलमान शिपायांनीही दिला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून ‘खायला हरकत नाही’ असे निरोप मागवावे लागले. तरी बरेच जण शेवटच्या आठवड्यांपर्यंत अडून राहिले. गावाला काय तोंड दाखवू, ही भीती भुकेपेक्षा मोठी होती. दोन धर्मांची माणसं दोन वेगळ्या कारणांनी एकाच ताटापासून दूर बसली आणि एकसारखी खंगत गेली.

२९ एप्रिल १९१६ला कुत पडलं. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांतले हजारो वाळवंटातल्या पायपिटीत आणि रेल्वेच्या कामाच्या छावण्यांत मेले. वर्गणीवाल्या तुर्काचा मुलगा आणि साताऱ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा समोरासमोर आले होते ते असे. दोघांपैकी कोणाला एकमेकांचं काही घ्यायचं नव्हतं.

दोन जहाजं अडकवली म्हणून हे सगळं झालं का? नाही. गुप्त करार होता, तेल होतं, साम्राज्यांची भूक होती. नुसत्या ठिणगीनं डोंगर पेटत नाही, गवतही वाळलेलं असावं लागतं. पण ठिणगी कुठे पडली हे आपण विसरू नये. ती न्यूकॅसलच्या गोदीत पडली.

आता त्या जहाजांचं काय झालं ते सांगतो. सुलतान उस्मानचं नाव ‘अॅजिनकोर्ट’ झालं. तिच्या सात बुरुजांना इंग्रज खलाशांनी रविवार ते शनिवार अशी वारांची नावं दिली. रेशादियेचं नाव ‘एरिन’. ३१ मे १९१६ला जटलंडची प्रसिद्ध लढाई झाली, महायुद्धातली सर्वांत मोठी आरमारी लढाई. दोन्ही जहाजं तिथे होती. अॅजिनकोर्टनं गोळे डागले. एरिनच्या मोठ्या तोफांतून त्या दिवशी एकही गोळा सुटला नाही. ज्या जहाजावाचून आपलं चालणार नाही असं वाटलं होतं, त्याचा एवढाच उपयोग झाला. १९२२च्या डिसेंबरात दोन्ही भंगारात विकली गेली. वय आठ वर्षं.

यावूझ मात्र टिकली. १९३८ साली मुस्तफा कमाल अतातुर्क वारले तेव्हा त्यांचा मृतदेह इस्तंबूलहून पलीकडच्या किनाऱ्यावर याच जहाजानं नेला. अखेर १९७३पासून तिचीही मोडतोड झाली. ज्या अवेरॉफच्या धास्तीनं हे सगळं सुरू झालं, ती ग्रीसमध्ये आजही संग्रहालय म्हणून उभी आहे.

आणि रऊफ बे? ३० ऑक्टोबर १९१८ला पराभूत तुर्कस्तानच्या वतीनं त्यांनीच युद्धबंदीवर सही केली. कुठे? ‘अॅगमेमनॉन’ या ब्रिटिश युद्धनौकेवर. ब्रिटिश जहाज ताब्यात घ्यायला गेलेला माणूस चार वर्षांनी ब्रिटिश जहाजावरच शरणागती लिहून आला. पुढे ते काही काळ अंकाराच्या सरकारात पंतप्रधान होते. नंतर अतातुर्कांशी पटेना म्हणून देशाबाहेर राहिले. १९३३ साली डॉ. अन्सारींच्या बोलावण्यावरून ते हिंदुस्थानात आले आणि दिल्लीच्या जामिया मिलियात त्यांनी व्याख्यानं दिली. वीस वर्षांपूर्वी मुंबईहून निघालेल्या त्या पथकाची ही एका अर्थानं परतफेड होती. सगळे हिशेब तोफांनीच चुकते होतात असं नाही.

पैशांचा हिशेब मात्र कागदावर मिटला. १९२३च्या लोझान करारात ५८वं कलम आहे. इंग्लंडमध्ये बांधायला दिलेल्या आणि १९१४ साली ब्रिटिश सरकारनं ताब्यात घेतलेल्या युद्धनौकांसाठी भरलेले पैसे तुर्कस्तान परत मागणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. इतक्या कहवाखान्यांतले, मशिदींतले, घरांतले पैसे एका कलमात बुडाले. वर्गणी देणाऱ्याला कोणी विचारलं नाही.

आपल्या माणसांचा हिशेब त्याहून कोरडा आहे. महायुद्धातल्या कामगिरीबद्दल ११७व्या पलटणीला ‘रॉयल’ हा किताब मिळाला. इराकमध्ये बसरा इथे एक मोठं युद्धस्मारक आहे. ज्यांना स्वतःची कबर नाही अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं ते स्मारक. ब्रिटिश शिपायांची नावं तिथे भिंतीवर कोरली गेली. हिंदी शिपायांची कोरली गेली नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. २०२१ साली ब्रिटनच्या युद्धसमाधी आयोगानं अशा वगळलेल्या माणसांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि तिथल्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली. माफी आली याचं मला बरं वाटलं. ती ऐकायला त्या शिपायांची नातवंडंही फारशी उरली नव्हती.

सातारा, रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले, असा तिच्यावर इंग्रजी मजकूर असतो. तिथेही आकडाच असतो, नाव नसतं. अशा एका पाटीखाली मी एकदा थोडा वेळ उभा होतो. पाटीवर चुन्याचे शिंतोडे उडाले होते. बाजूला मुलांची शाळा भरली होती आणि हजेरी चालू होती. गुरुजी एकेका मुलाचं पूर्ण नाव घेत होते, बापाच्या नावासकट, आडनावासकट. हिंदू नावं होती, मुसलमान नावं होती, आणि प्रत्येक नावाला हजर म्हणून उत्तर येत होतं.

तुमच्या गावात अशी पाटी असेल तर तिच्यावरचा चुना पुसा. आणि जमलं तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून, जुन्या पेन्शनच्या कागदांत शोधून, त्या आकड्यांमागची नावं एका वहीत लिहून काढा. एखादं नाव सापडेल, एखादं सापडणार नाही. वहीची किंमत फार नाही. तेवढी वर्गणी कोणत्याही गावात जमते.